उशीतली पिसं, पाटीखालचं पीठ

२९ जानेवारी २०१८, लिमरिक

मुक्ताने ही वही दिली. म्हणाली, "आई, मनात येईल ते ह्यात लिही. माझ्यावर, अक्षयावर आणि त्या शेगडीवर ओरडू नकोस."

शेगडीवर ओरडणारच. विजेची आहे. नुसती काळी काच. जाळ दिसत नाही, आणि जाळ दिसल्याशिवाय भाकरी काय डोळे मिटून भाजू? काल तीन करपल्या. त्या धुराने छतावरचं यंत्र बोंबलायला लागलं आणि खालच्या मजल्यावरची घरमालकीण वर पळत आली. नोरीन नाव तिचं. सत्तरीची असेल, केस पांढरे सफेद, पायात मुलाचे असावेत तसे बूट. मी पदराने वारा घालतेय आणि ती हसतेय. "ग्रँड, ग्रँड," म्हणाली. इथं सगळं ग्रँडच असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, घर पेटलं तरी ग्रँड.

मी चौथी शिकले. पुढं बचत गटात सह्या-बिह्या करून हात वळला, एवढंच. चुका झाल्या तर झाल्या. कोण वाचतंय.

मला इथं येऊन आठवडा झाला. मुक्ताच्या पोटात गाठ आहे. पुण्यात असती तर मी तिला कधीच बरी करून घरी नेली असती. पण ही बया इथं पीएचडी करतेय, आणि मला कळवलं ते दिवाळी होऊन गेल्यावर. मुक्ताचे वडील बाळासाहेब (लिहायचंच तर नाव लिहिते, तोंडाने कधी घेतलं नाही; मुक्ता अण्णा म्हणते) घरी पडून आहेत. जांभळावरून पडले, मांडीत सळई घातलीय. त्यामुळं मी एकटी आले. विमानात मला रडू आलं नाही. भूक लागली होती.

४ फेब्रुवारी

आज मुक्ताच्या खोलीतली धूळ काढली. खाटेशेजारी भिंतभर पुस्तकं. एकसुद्धा औषधाचं नाही, पोथी नाही, सगळी अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराची. ॲपलॅचिया म्हणतात. मला ते नाव जमत नाही, मी नुसतं 'तिकडचे डोंगर' म्हणते.

"काय आहे गं एवढं ह्यात?" मी विचारलं.

मुक्ताने सांगितलं ते असं. फार वर्षांमागं इथली माणसं भाड्याला न् भुकेला कंटाळून जहाजात बसली, अमेरिकेत उतरली आणि तिकडच्या डोंगरात शिरली. जाताना सामान फारसं नव्हतं, पण गाणी नेली, भुतं नेली, सोयर-सुतकाच्या रीती नेल्या. इथल्या लोकांनी पुढं त्यातलं बरंच सोडून दिलं, तिकडं मात्र राहिलं. कुठलं काय कुठून आलं ते मुक्ता शोधतेय.

म्हणलं, "वेल्ह्याच्या वरच्या वाडीतली पोर, अमेरिकेतल्या डोंगराचं शिक्षण आयर्लंडात बसून घेते. तुला सरळ वाट म्हणून माहीतच न्हाई."

"डोंगरात सरळ वाट असते कुठं आई?" असं म्हणून हसली. हसली की हल्ली दम लागतो तिला.

मग तिने फोटो दाखवले. एका घराच्या पडवीत दोऱ्यात ओवलेल्या शेंगा वाळत टाकलेल्या. आम्ही कारल्याच्या काचऱ्या वाळवतो तशा. पायरीवर एक म्हातारी चिलीम ओढत बसलेली. अगदी आमच्या वाडीतली शेवंता आत्या. कुंकू तेवढं नाही.

"ही सुईण होती," मुक्ता म्हणाली. "बाळंतिणीच्या खाटेखाली कुऱ्हाड ठेवायची. कळा तुटाव्यात म्हणून."

"आपल्याकडं विळा ठेवतात उशाशी. त्यात काय नवल."

"तेच तर नवल आहे."

मला काही कळलं नाही. शेंगा मात्र छान ओवल्या होत्या.

९ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. दवाखान्यात आज मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मुक्ताचं ते केस गळायचं औषध बंद केलं. मी अक्षयाला विचारलं, काय म्हणाल्या? ही अक्षया मुक्ताबरोबर राहते, पुण्याची आहे, कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. पोरगी गुणी आहे, पण इथं राहून कपाटाला प्रेस म्हणायला लागलीय. ती म्हणाली, "काकू, त्या म्हणाल्या की आता तिला त्या औषधाचा त्रास नको द्यायला."

म्हणजे उतार पडला. मी लगेच ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, "केस येतील का परत?" म्हणलं, येतील, तेल लावते ना मी.

परत येताना गाडीत अक्षया रडत होती. पोरीला आनंद झाला असेल. मुक्ताने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. आजारी ही, आणि समजूत ही घालतेय.

घरी आल्यावर गोड म्हणून शिरा केला. मुक्ताने दोन घास खाल्ले.

१७ फेब्रुवारी

मुक्ताची मान दुखते. दुकानातली उशी फुगीर, डोकं टेकलं की आत जातं न् परत वर येतं. नोरीनला हे कळलं तर तिने खालून स्वतःची उशी आणली. पिसांची. तिच्या आईने घरच्या बदकांची पिसं उपटून भरलेली. वास येत होता. मी गॅलरीत नेऊन बडवली, उन्हात टाकावी म्हणलं तर ऊन कुठंय. तशीच नवा अभ्रा घालून दिली. मुक्ताला आवडली.

उशीवर डोकं ठेवून मला म्हणते, "आई, तिकडच्या डोंगरात काय मानतात माहितीय? माणूस गेलं की त्याची उशी उसवून बघतात. आत पिसांचा गोल गुंतलेला सापडला, मुकुटासारखा, तर माणूस चांगल्या ठिकाणी गेलं. आया जपून ठेवतात ते. काचेच्या पेटीत."

म्हणलं, "घामानं न् तेलानं पिसं गुंतणारच. त्याचा कसला मुकुट? माझ्या वेणीत रोज दोन मुकुट निघतात."

"आणि तुम्ही पीठ पसरता ते?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

आता हिला काय सांगायचं. आमच्यात माणसाला जाळून आलं की जिथं जीव गेला तिथं जमिनीवर तांदळाचं पीठ पसरतात. शेजारी दिवा ठेवतात, वर पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून बघायचं. पिठावर जो उमट दिसेल त्या जन्माला जीव गेला. हे सगळ्यांना माहीत आहे.

"आजीच्या वेळी काय उमटलं होतं?" तिने विचारलं.

"तुझी चुलती म्हणाली गाईचं खूर. अण्णा म्हणाले पाखरू. अण्णांना कुठंही पाखरूच दिसतं."

"आणि तुला?"

"मला पाल दिसली. खरीखुरी. पाटीखालीच बसली होती, पीठ खाऊन."

मुक्ता इतकी हसली, इतकी हसली की मला पाठ चोळावी लागली. मग म्हणाली, "आणि तू तसं सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"मग? दिसली ती सांगायची न्हाई?"

"अण्णा किती दिवस बोलले नव्हते तुझ्याशी."

बोलले नव्हते हे खरं. त्यांची आई होती. पण मी काय करणार, पाल होती.

२४ फेब्रुवारी

ह्या पोरीला चांगलं काही वाचायला सुचतच नाही. रोज मरणाचं. एवढी पुस्तकं आहेत, त्यात गाणी आहेत, डुकरं पाळल्याचं आहे, सफरचंदाचा केक एकावर एक थर लावून कसा करतात ते आहे. ते ठेवते बाजूला. मला बसवून घेते न् मराठीत करून सांगते, की तिकडं माणूस गेलं की घड्याळ बंद करतात, आरशावर कापड टाकतात, शेजारी रात्रभर बसून गाणी म्हणतात, कुणी घरच्या बाईला एकटं सोडत नाही.

"आई, म्हणजे तिथं लोक येऊन बसतात तिच्यापाशी. तिने बसू द्यायचं असतं त्यांना. हाकलायचं नसतं."

"मी कशाला हाकलू कुणाला?"

"तू हाकलतेस."

"आता पुरे. आजारी माणसानं असलं बोलू नये."

"एवढं एकच ऐक. खिडकी..."

"खिडकीला काय झालं? वारा येतोय का?" मी उठले, बघितलं, कडी पक्की होती. तरी खालच्या फटीत जुना टॉवेल दाबून बसवला. इथली थंडी मेली फटीतून नागासारखी येते. मागं वळले तर मुक्ता माझ्याकडं बघत होती. नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "राहू दे. ग्रँड."

हिलाही नोरीन लागली.

३ मार्च

बर्फ. असा बर्फ मी जन्मात बघितला नाही. रस्ता नाही, गाड्या नाहीत, दवाखान्यातलं कुणी येऊ शकत नाही. परवा अक्षया दुकानात गेली तर पाव संपलेला! सगळं गाव पावावर तुटून पडलं होतं, म्हणाली. आम्हाला काय, माझ्याकडं तांदळाचं पीठ आहे. मी भाकऱ्या केल्या आणि दोन नोरीनलाही नेऊन दिल्या. तिने त्यावर लोणी न् जाम लावला. डोळ्यांनी बघवेना.

मुक्ताला खुर्चीत बसवून खिडकीशी नेलं. खाली शेजारच्या दोन पोरी ताटात बसून उतारावरून घसरत होत्या. ती बघत बसली. किती हलकी झालीय. उचलताना मला आमच्या वाडीतल्या भाताच्या पेंढीची आठवण झाली. पण चेहरा छान दिसत होता. गालांवर उजेड होता.

"आई, आपल्या घरामागच्या कड्यावरून आता काय दिसत असेल?"

"धूर. वणवे लागले असतील."

"आणि करवंदं?"

"आत्ता कुठली? फूल असंल. आपण जाऊ तोवर पिकतील."

तिने माझा हात धरला. धरूनच ठेवला. मला कुकर लावायचा होता, पण म्हणलं बसू थोडं. तरी दोनदा उठले. मला एका जागी बसवत नाही.

१३ मार्च

आज भांडण झालं. लिहिते म्हणजे डोकं शांत होईल.

इथं सरकार चांगलं आहे. आता दवाखान्यात जायलाच नको म्हणाले, नर्स घरी येते. दमाने बोलते, मुक्ताचे पाय चोळते, दुखायचं औषध वाढवून देते. एवढं कोण करतं? मी अक्षयाला म्हणलं, म्हणजे आता धोका टळला ना, घरी सोडलंय त्यांनी. आता तिकिटं काढ. अण्णांना पोरीचं तोंड बघू दे. डोंगरावरची हवा लागली की ती महिन्यात उठेल.

अक्षया नुसती भांडी पुसत राहिली. कोरडी भांडी.

मग मी मुक्तालाच विचारलं. ती म्हणाली, "आई, मी येणार नाही."

"येणार न्हाई म्हणजे? अभ्यास नंतर कर."

"अभ्यासाचं नाही. मी इथंच राहते. तू राहशील ना माझ्याजवळ?"

"इथं काय ठेवलंय? ह्या पावसात?"

"इथं शांत आहे."

मी चिडले. फार बोलले. म्हणलं, शिकवलं ती चूक झाली. परक्यांच्या डोंगरांची पुस्तकं छातीशी घेऊन झोपतेस आणि स्वतःचा डोंगर नको झाला तुला. अण्णांनी एसटीत उभं राहून तुला पुण्याच्या शाळेत पोचवली ती ह्यासाठी? आमचं घर आवडेनासं झालं तर तसं सांग.

तिने तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं ती रुसली. मी स्वयंपाकघरात येऊन कांदे चिरले.

पोरी मोठ्या झाल्या की परक्या होतात, लग्न नाही केलं तरी.

२५ मार्च

मुक्ता झोपूनच असते. नर्सने एक छोटं यंत्र लावून दिलंय, त्यातून औषध आपोआप जातं. जागी झाली की पाणी कापसाने ओठांना लावते. भूक अजिबात नाही. उन्हाळ्यात तिची भूक मरतेच, लहानपणापासून. पण इथं उन्हाळा नाही.

काल म्हणाली, "आई, वाच ना."

"मला इंग्लिश कुठं येतं?"

"फोटो वाच."

मग मी ते पुस्तक मांडीवर घेतलं आणि फोटो वाचले. ही बाई शेंगा ओवतेय. हिच्या अंगणात कोंबडी आहे, खुडूक दिसतेय. ह्या माणसाच्या हातात वाद्य आहे, चप्पल तुटलीय, बायकोचं लक्ष नाही ह्याच्याकडं. हे घर चांगलं आहे, पण मागचं छप्पर गळत असणार, वासा वाकलाय. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हे कुणीच लिहिलेलं नाही."

फोनवर ह्यांना दाखवली. ह्यांनी तिला बघितलं. फोन छताकडं करून ठेवला. वासे दिसत राहिले आमच्या घराचे.

८ एप्रिल

मुक्ता गेली. परवा सकाळी.

मी चहा टाकायला उठले होते. आले तेव्हा नव्हती.

११ एप्रिल

दहनाला अजून अवकाश आहे. इथं वाट बघावी लागते. तिला घेऊन गेले आहेत. घरी काही काम नाही. कपडे धुतले, परत धुतले.

त्या सकाळचं लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील. मी ओरडले असणार, कारण नोरीन वर आली. आली, मुक्ताच्या कपाळाला हात लावला, तिथून सरळ खिडकीशी गेली, माझा टॉवेल काढून खाली टाकला आणि खिडकी सताड उघडली. बाहेर पाऊस. गार वारा एकदम आत घुसला, मुक्ताच्या अंगावरची चादर हलली. मला काही समजलंच नाही. मी धावले आणि धाडकन खिडकी लावून घेतली. "बाई, पोरीला थंडी वाजेल!" असं म्हणलं. मराठीतच. नोरीनने हात पुढं केला, काहीतरी बोलली, मी तिला ढकलली. खरोखर ढकलली. कडी लावली, टॉवेल परत दाबला आणि मुक्ताच्या पायांवर दुसरं पांघरूण घातलं.

नोरीन गेली नाही. कोपऱ्यात उभी राहून माळ ओढत राहिली. मी तिला हाकलत होते तरी गेली नाही.

अक्षया म्हणते, "काकू, मुक्ताला माहीत होतं. फेब्रुवारीपासून. ती तुम्हाला सांगतच होती."

म्हणलं, काय सांगत होती? शेंगा कशा वाळवायच्या?



१२ एप्रिल

दहन झालं. गाडीतून गेलो, पडदा सरकला, झालं. लाकूड नाही, धूर नाही, काही दिसलं नाही. इथं कुठलाच जाळ दिसत नाही.

मुक्ताचे मास्तर आले होते, बरोबरची पोरं आली होती. एकाने गाणं म्हटलं, तिकडच्या डोंगरातलं, वाद्य न वाजवता. कळलं नाही पण ऐकावंसं वाटलं.

घरी आल्यावर नोरीनने खाली सगळ्यांना चहा न् सँडविच दिले. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि माझे दोन्ही हात धरून बोलायला लागली. अक्षया सांगत होती मराठीत.

"काकू, त्या सॉरी म्हणतायत. तुम्हाला न विचारता खिडकी उघडली म्हणून."

"मग उघडली कशाला?"

नोरीनने सांगितलं. अक्षया थांबली. म्हणलं, सांग.

"त्यांच्यात माणूस गेलं की खिडकी उघडतात. जीवाला बाहेर जायला वाट करून द्यायची. वाटेत कुणी उभं राहायचं नाही. मग थोड्या वेळाने लावून घ्यायची. मुक्ताने ते तिकडच्या डोंगरातल्या पुस्तकात वाचलं आणि त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हो, आमची आईपण उघडायची. मग मुक्ताने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. माझ्यासाठी उघडा म्हणाली. आई विसरेल."

मी विसरले नाही. मी ऐकूनच घेतलं नव्हतं.

मी हात सोडवून घेतले आणि वर आले. खिडकी बघितली. कडी, टॉवेल, सगळं पक्कं. त्या दिवसापासून कुणी हात लावलेला नाही.

मग मी पीठ काढलं. भाकरीसाठी घरून आणलेलं, तळाशी उरलं होतं. गालिचा गुंडाळून बाजूला केला. खाली लाकूड आहे, चांगलं सपाट. खाटेच्या उशाशी पीठ पसरलं, तळहाताने एकसारखं केलं. दिवा लावला तर छतावरचं यंत्र बोंबलेल म्हणून अक्षयाने स्टूलवर चढून त्याच्यातले सेल काढले. पाटी नव्हती. तिची कपड्यांची प्लास्टिकची टोपली पालथी घातली. जाळीची आहे. असू दे.

१३ एप्रिल

टोपली उचलली. काही नाही.

तळहाताची माझीच रेघ दिसते आहे, बाकी कोरं. आमच्याकडं सकाळपर्यंत मुंगळा चालून जातो, उंदीर जातो, नाहीतर पाल असते. काही ना काही असतंच, मग माणसं भांडतात खूर का पाऊल. इथं मुंगीसुद्धा नाही. काचा दुहेरी, दारांच्या फटींना रबर. कुठून काय येणार? आणि कुठून काय जाणार?

ह्यांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "काय उमटलं?"

म्हणलं, "अजून बघितलं न्हाई."

मी खोटं बोलत नाही. आज बोलले.

१४ एप्रिल

सकाळी मुक्ताच्या पलंगावरच्या चादरी काढायला घेतल्या. उशी हातात आली. मधोमध खळगा तसाच होता, डोक्याचा. एक केस होता, नवा उगवलेला, बोटाच्या पेराएवढा.

मला मुकुट-बिकूट काही नको होतं. मी आधीच सांगितलं होतं, घामाने पिसं गुंतणार, त्यात काय. तरी कांदे चिरायची सुरी आणली आणि उशीची शिवण उसवली. नोरीनच्या आईची शिवण, काय पक्की घातलेली. आत हात घातला. मुठीमुठीने काढून बघितलं, मांडीवर, जमिनीवर, पलंगावर. गोल नाही, गुंता नाही. सगळी पिसं मोकळी. इतकी हलकी झाली होती माझी पोर की पिसंसुद्धा गुंतली नाहीत तिच्याने.

पिठात नाही, उशीत नाही. म्हणजे मीच तिला कोंडून ठेवलीय.

मी उठले आणि टॉवेल ओढून काढला. कडी अडकली होती, दोन्ही हातांनी ओढली. खिडकी सताड उघडली. आणि भिंतीला पाठ लावून बाजूला उभी राहिले, वाटेत न येता. "जा," म्हणलं. "जा गं बाई आता. मी न्हाई अडवत. जा माझे बाय."

वारा आला. खोलीभर पिसं उडाली. माझ्या डोळ्यात, केसात, पुस्तकांच्या फळ्यांवर, सगळीकडं पिसं. काही बाहेर गेली. गेली हे मी बघितलं. समोरच्या घराच्या कौलांपर्यंत दिसली, पुढं दिसली नाहीत.

किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. अक्षया कामावर गेली होती. पाय आखडले तेव्हा भानावर आले. खाली बघितलं तर पीठ वाऱ्याने एका बाजूला सरकलं होतं आणि त्यावर दोन-तीन पिसं येऊन पडली होती. एक बारीक पीस मी उचललं. त्याच्या खाली पिठात रेघा उमटल्या होत्या. मधली लांब, दोन्ही बाजूंनी बारीक बारीक.

मी काय आंधळी नाही. पिसाचाच उमट होता. उशीतल्या पिसाचा. मला ठाऊक आहे.

ह्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. हातातच धरून बसले असणार.

"बघितलं का गं?"

"बघितलं."

"काय हाय?"

"पाखरू हाय."

हे बोललेच नाहीत. रडत असतील, किंवा फोन छताकडं केला असेल. मग म्हणाले, "तूच बघितलंस ना? का कुणी सांगितलं?"

"मीच बघितलं. माझ्या डोळ्यांनी."

"कुठलं पाखरू? आपल्याकडचं का तिथलं?"

"मला काय ठावं. इथलं असंल."

"तिथलं असंल तर बरं," हे म्हणाले. "थंडी सोसंल तिला."

संध्याकाळी नोरीन वर आली. पिसं बघितली, पीठ बघितलं, तिच्या आईची उसवलेली उशी बघितली. मला वाटलं रागावेल. ती गुडघे टेकून खाली बसली आणि माझ्याबरोबर पिसं गोळा करायला लागली. मी हाकललं नाही.

जाताना तिने खिडकीकडं बोट दाखवलं. आता लावायची असते, एवढं खुणेने सांगितलं.

मान हलवली. लावते म्हणलं.

अजून उघडीच आहे.